बारा घरं आणि माझी सही

सोमवार, ५ जानेवारी

आज सकाळी सव्वादहाला काउंटीच्या कचेरीत माझ्या हातात किल्ल्यांचा एक जुडगा पडला आणि मी, क्लेटन स्टिडम, टिल्मन काउंटीचा पहिला मदत अधिकारी झालो. कालपर्यंत शाळेच्या बसगाड्या सांभाळत होतो. त्या अजूनही माझ्याकडेच राहणार आहेत, पण आता पूर, वादळ, दरड, सगळं माझं.

किल्ल्या बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्याच्या आहेत. तेच आमचं गोदाम. आमच्या काउंटीचा कारभार पाहणाऱ्या जज्ज साहेबांनी नवा कायदा वाचून दाखवला. फार मोठं संकट असेल तरच यापुढे वॉशिंग्टन येईल. बाकी सगळं राज्यानं बघायचं, आणि राज्यानं ते बघायला प्रत्येक काउंटीत एक माणूस नेमायचा. तो माणूस मी. इतकी वर्षं आमच्या डोंगरात पूर आला की कुठूनतरी सपाट प्रदेशातून माणसं यायची, हातात कागद घेऊन रस्ता विचारायची, आणि कुणाचं घर राहण्यासारखं आहे ते तीन महिन्यांनी पत्रानं कळवायची. आता ज्याला रस्ता माहीत आहे तोच ठरवणार.

संध्याकाळी ओरिनला सांगितलं. ओरिन माझा मोठा भाऊ. वीस वर्षं केंद्राच्या मदतीच्या कामात होता, देशभर फिरला. गेल्या वर्षी कपातीत त्याची नोकरी गेली, तेव्हापासून माझ्याकडे वरच्या खोलीत राहतो. त्यानं मक्याच्या पावाचा तुकडा घेवड्यात बुडवला आणि म्हणाला, "छान."

एवढंच. वाईट वाटलं, पण समजू शकतो. त्याचं गेलं ते माझ्याकडे आलं. कुणालाही टोचेल.

येताना अग्निशमन केंद्रात थांबून त्यांना नवीन जनरेटर मिळवून द्यायचं कबूल केलं. ती माणसं इतकी खूश झाली की मलाच बरं वाटलं.

शुक्रवार, १६ जानेवारी

गोदाम झाडून काढलं. मिस नेडिन मदतीला आल्या. पस्तीस वर्षं घरोघर फिरून आजाऱ्यांची शुश्रूषा केलेली बाई, निवृत्त झाल्यावर करमत नाही म्हणून आल्या. मी भिंतीवर काउंटीचा नकाशा लावला होता, रंगीत टाचण्यांसकट. मिस नेडिननी पिशवीतून पाककृतींचा पत्र्याचा डबा काढला. आत पाककृती नव्हत्या. प्रत्येक कार्डावर एक घर होतं. कोणाला ऑक्सिजनचं मशीन, कोणाला इन्सुलिन, कोणाची आई अंथरुणाला खिळलेली, कोणाचा कुत्रा चावतो.

"मिस नेडिन, हा तर खजिना आहे," मी म्हणालो.

"खजिना कसला, माझे गुडघे गेले त्यात," त्या म्हणाल्या. "ती टाचणी काढ. ट्विलाचा बाप तिथे राहत नाही आता, लॉरेल घळीत लेकीकडे असतो."

आणि तिथेच मला ती कल्पना सुचली. बसगाड्या. माझ्याकडे एकवीस बसगाड्या आहेत, आणि रोज सकाळी त्या प्रत्येक घळीच्या शेवटच्या घरापर्यंत जातात. पूर आला तर शाळेचेच थांबे, शाळेचेच ड्रायव्हर, फक्त मुलांच्या ऐवजी सगळं गाव. मी दुपारभर आराखडा काढत बसलो. जेवायचं विसरलो.

ओरिननं आराखडा रात्री जेवताना वाचला. म्हणाला, "जे यायला नाही म्हणतील त्यांची वेगळी यादी कर." त्याला चांगलं काही दिसतच नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

राजधानीत दोन दिवसांचं प्रशिक्षण. सगळ्या काउंट्यांचे मदत अधिकारी एका सभागृहात. कोणी माजी पोलीस, कोणी शेतकी खात्यातला, एक तर दफनविधी करणारा. राज्याच्या संचालक बाईंनी माझा बसगाड्यांचा आराखडा पडद्यावर दाखवला आणि म्हणाल्या, "हे वॉशिंग्टनला सुचलं असतं का?" टाळ्या पडल्या. माझे कान गरम झाले.

शेवटी मागच्या रांगेतला दफनविधीवाला उभा राहिला. "राज्याकडे पाहणी करणारी पथकं किती?"

"दोन," बाई म्हणाल्या.

"आणि संकटं तीन ठिकाणी आली तर?"

"चांगला प्रश्न आहे, त्यावर कळवू," असं म्हणून बाईंनी चहाची सुट्टी जाहीर केली. ओरिनसारखी खोट काढणारी माणसं सगळीकडेच असतात.

गुरुवार, १२ मार्च

आज रंगीत तालीम. लॉरेल घळ, अठ्ठावीस घरं. बस हॉइट कॉम्ब्स यांची. मी सहा वर्षांचा असताना हॉइट यांच्याच बसमध्ये पहिल्यांदा चढलो होतो, त्यामुळे आज मी त्यांचा वरिष्ठ असलो तरी ते मला "ए क्लेटन" म्हणतात आणि मी त्यांना "तुम्ही".

घळीच्या टोकापासून शाळेच्या व्यायामशाळेपर्यंत सगळे लोक एकतीस मिनिटांत. हॉइट बसमधून उतरले आणि टोपी मागे सारून म्हणाले, "चार म्हाताऱ्या गाणं म्हणत होत्या रे. सहलच झाली."

वळणावर ओरिन उभा होता, हातात घड्याळ. मी बोलावलं नव्हतं. "एकतीस," मी म्हणालो.

"उन्हात एकतीस," तो म्हणाला आणि चालत घरी गेला. पाच मैल.

शुक्रवार, ३ एप्रिल

तीन दिवस पाऊस. नदी पुलाखालच्या इशाऱ्याच्या पिवळ्या खुणेला लागली. पहाटे सहाला सगळ्या ड्रायव्हरांना तयार राहायचे निरोप दिले. एकानंही का म्हणून विचारलं नाही. याच्यासाठीच तर सगळं केलं.

शनिवार, ४ एप्रिल

काय लिहू आणि कसं लिहू.

सकाळी सातला बसगाड्या सुटल्या. दुपारी बारापर्यंत एकोणीस घळी रिकाम्या. मिस नेडिन व्यायामशाळेच्या दारात डबा घेऊन उभ्या, माणूस उतरला की कार्ड बाजूला. साडेबाराला त्यांच्या हातात पाच कार्डं उरली. सगळी लॉरेल घळीतली. ट्विला आणि तिचा ऑक्सिजनवरचा बाप, आणि वर टोकाला लीलंड प्रॅटर, जो "मी कुठेही येणार नाही" म्हणून दार लावून बसला होता. बाकी तीन घरंही त्याच्याकडे बघून थांबली होती.

रस्त्यावर तोवर गुडघाभर पाणी. ओरिन कुठूनसा आला आणि बसमध्ये चढला. हॉइटनी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली आणि आम्ही तिघं वर गेलो. ट्विलाच्या बापाला मशीनसकट उचललं. लीलंडच्या दाराशी मी ओरडत होतो, कायदा सांगत होतो. ओरिननं मला बाजूला केलं, पायरीवर बसला आणि दारातून म्हणाला, "लीलंड, तुमच्या गाई कुठे सोडल्यात? वरच्या कुरणात? मग ठीक आहे. आता तुम्ही आलात तर त्यांना उद्या चारा कोण घालेल ते आपण बसमध्ये ठरवू." दोन मिनिटांत म्हातारा छत्री घेऊन बाहेर.

परतताना वाटेत हॉइट यांचं घर लागतं. पाणी खिडकीपर्यंत चढलं होतं, आणि त्यांचं लाकडी कोठार अंगणातून तरंगत निघालं होतं. हॉइटनी एकदा डावीकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. वेग कमी केला नाही. मागे अकरा माणसं बसली होती.

शाळेशी उतरल्यावर मी त्यांना मिठी मारली. म्हणालो, "हॉइट, राज्याकडून घरं येतील तेव्हा पहिलं घर तुमचं. माझा शब्द." त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

नातेवाईकांकडे गेलेले सोडून दोनशे चौदा माणसं व्यायामशाळेत. एकही जीव गेला नाही. एकही.

सोमवार, ६ एप्रिल

काल ईस्टर व्यायामशाळेतच झाला. चर्चच्या बायकांनी हॅम आणि बटाट्याची सॅलड आणली, पाद्री बास्केटबॉलच्या जाळीखाली उभे राहिले. मी रांगेतून फिरत होतो आणि जो तो हात धरत होता. ट्विलाला सांगितलं, तुझ्या बापासाठी घर नक्की. तिच्या शेजाऱ्यांनाही धीर दिला. लोकांना आशा लागते. औषधासारखी.

आज राज्याच्या कचेरीला फोन लावला. पश्चिमेकडे चक्रीवादळांनी दोन शहरं झोडपली आहेत, दोन्ही पथकं तिकडे. फोनवरची मुलगी दमलेली वाटली. म्हणाली, "तुमच्याकडे कुणी येऊ शकणार नाही. पाहणी तुम्हीच करा, सही तुम्हीच करा, ती आम्ही ग्राह्य धरू."

मी दोनदा विचारलं. खरंच माझी सही? हो, तुमचीच.

म्हणजे काउंटी झाल्यापासूनच्या एकशे बत्तीस वर्षांत पहिल्यांदा टिल्मन काउंटीचं टिल्मन काउंटीनं ठरवायचं. ओरिनला सांगितलं तर तो खुर्चीतून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मला वाटतं, मनातून त्यालाही अभिमान वाटला असेल.

गुरुवार, ९ एप्रिल

घरं मिळाली. चाकांवरची, नवी कोरी, दोन खोल्यांची. बारा. मे महिन्यात येणार. मी व्यायामशाळेत ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं आणि छत उडेल अशा टाळ्या. हॉइटनी टोपी हलवली.

घरी आल्यावर ओरिन म्हणाला, "घरं बारा. राहता न येण्यासारखी झालेली किती?"

"एकसष्ट. पण बऱ्याच जणांचे नातेवाईक आहेत."

"आणि तू शब्द किती जणांना दिलायस?"

"धीर दिला. शब्द नाही."

"ते त्यांना माहीत आहे?"

मला राग आला. पण कागद घेऊन बसलो. हॉइट. ट्विला. तिचे शेजारी, दोन घरं. अग्निशमनवाल्यांपैकी दोघं. पाद्रींची बहीण. चर्चमधल्या पाच बायका, त्यातल्या दोघींना फक्त "बघतो" म्हणालो होतो, पण मी "बघतो" कसं म्हणतो ते मला ठाऊक आहे. मग रांगेतले बाकीचे. एकूण सतरा.

ओरिननं कागद वाचला, घडी घातली, परत दिला.

शनिवार, ११ एप्रिल

आज ओरिन माझ्याबरोबर पाहणीला आला. मी विचारलं म्हणून. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चोवीस घरं.

मी प्रत्येक घरात शिरलो की छायाचित्रं काढत होतो. ओरिन आधी स्वयंपाकघरात जायचा. भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर आहे ते हातानं बघायचा, फरशीवर टाच आपटायचा, मग घरच्या बाईला विचारायचा, "काल रात्री कुठे झोपलात? आणि पुढच्या महिन्यात तिथेच झोपता येईल का?" बस. या दोन प्रश्नांत सगळं बाहेर यायचं. जी म्हणत होती सगळं ठीक आहे, ती गाडीत झोपत होती. जो सर्वात मोठ्यानं रडत होता त्याची डोंगरावर शिकारीची खोली होती, चुलीसकट.

दुपारी गाडीच्या बॉनेटवर बसून सॅंडविच खाल्लं. मी म्हणालो, "तू इतकं चांगलं करायचास, मग लोक तुमच्या खात्याला शिव्या का द्यायचे?"

"कारण नकारच जास्त असायचे," ओरिन म्हणाला. "मी वीस वर्षं नकारच लिहीत आलो, क्लेट. पत्र जायचं तेव्हा मी दुसऱ्याच राज्यात असायचो. कुणाचं तोंड बघावं लागलं नाही." त्यानं हात पुसले. "तुला ते किराणा दुकानात भेटणार."

मी म्हणालो, "म्हणूनच तर आपण जास्त बरं करू."

"हो," तो म्हणाला. "ते पण खरं आहे. मला त्या दिवशी खिडकीशी उभं राहून तेवढंच कळत नव्हतं, तुझ्यासाठी आनंद मानू की घाबरू."

मला वाटलं होतं तो जळतो. तीन महिने वाटत होतं.

मंगळवार, १४ एप्रिल

यादी झाली. ओरिन, मिस नेडिन आणि मी, गोदामातल्या टेबलाशी, एकसष्ट कार्डं पसरून. नियम आधीच कागदावर लिहिला: घर उरलंय का, जायला दुसरं छप्पर आहे का, घरात आजारी कोण. नावं नंतर. मिस नेडिननी नावांवर अंगठा ठेवून कार्डं वाचली.

ट्विलाचा बाप पहिला आला. बारावा आला लीलंड प्रॅटर, ज्यानं दोन वर्षांपूर्वी माझ्याविरुद्ध शाळा मंडळाकडे तक्रार केली होती की बस त्याच्या टपालपेटीला घासते. त्याच्या घराचा पाया वाहून गेलाय आणि जगात त्याचं कुणी नाही.

हॉइट चौदावे. त्यांच्या लेकीच्या गावातल्या घरी एक खोली रिकामी आहे.

मी म्हणालो, "हॉइटना तेरावं सुद्धा नाही?"

"अंगठा काढल्यावर कार्ड बदलत नाही रे बाळा," मिस नेडिन म्हणाल्या.

राज्याच्या कचेरीला फोन केला, वाटलं कुणीतरी यादी तपासेल, काहीतरी हलवेल. तीच मुलगी. "कोणी तपासत नाही, मिस्टर स्टिडम. उद्या पाचपर्यंत पाठवा."

लीलंडच्या जागी हॉइट लिहिलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. ओरिन आणि मिस नेडिन यांना सोडून. ते दोघंही उठून कॉफी आणायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. पेन माझ्या हातात होतं. मी सही केली. यादी होती तशीच.

बुधवार, १५ एप्रिल

यादी भिंतीवर लागायच्या आधी मी सतराही जणांकडे स्वतः गेलो. पाच जणांना चांगली बातमी, बारांना वाईट. चर्चमधल्या एका बाईनं दार लावून घेतलं. दोघींनी मलाच कॉफी पाजली, ते जास्त अवघड गेलं.

हॉइटना शेवटी ठेवलं. ते लेकीच्या पायऱ्यांवर बसून चिखलाचे बूट घासत होते.

"ये रे. कागद आणलास?"

"तुमचं नाव बारात नाही, हॉइट. चौदावं आहे."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "तू शब्द दिला होतास."

"हो. माझ्याकडे नसलेली गोष्ट दिली मी. तुमच्याशी खोटं बोललो, तेव्हा मलाच ते खरं वाटत होतं."

"बारावा कोण?"

"लीलंड."

"लीलंड," ते हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. "म्हणजे मी लेक चांगली वाढवली म्हणून मी मागे. तो आयुष्यभर सगळ्यांशी भांडला म्हणून पुढे."

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

"पूर्वी बरं होतं," हॉइट म्हणाले. "वॉशिंग्टनहून नकार आला की आम्ही सगळे दुकानात बसून त्यांना शिव्या द्यायचो. तूही असायचास. आता कुणाला देऊ?"

"मला द्या."

"देणारच आहे. बरेच दिवस देणार आहे." त्यांनी पुन्हा बूट उचलला. "आता जा."

शुक्रवार, २४ एप्रिल

शाळा सुरू झाली. हॉइट कामावर येतात, किल्ली घेतात, बस नेतात, किल्ली ठेवतात. एक अक्षर नाही. नाश्त्याच्या हॉटेलात मी शिरलो की त्यांच्या टेबलावरचं बोलणं थांबतं. तरी मी रोज जातो, गरम बिस्किट-पाव आणि ग्रेव्ही मागवतो आणि तिथेच बसून खातो. ओरिन म्हणाला, एवढं केलंस तरी पुष्कळ आहे.

ओरिनला मी कामावर घेतोय. जज्ज साहेबांनी मान्य केलं. त्यानं वरच्या खोलीतून खोकं भरून जुन्या नोंदवह्या खाली आणल्या, वीस वर्षांच्या, आणि विचारलं, "कुठे ठेवू?" मी अख्खं कपाट रिकामं केलं.

सोमवार, १८ मे

घरं आली. बारा ट्रक एकामागोमाग एक, पुढे पोलीस गाडी, शाळेतली मुलं कुंपणाशी. मी सकाळी चारपासून जागा. लॉरेलच्या वळणावर एक ट्रक अडकला तेव्हा वाटलं संपलं सगळं, पण लोकांनी कुंपण उपसून वाट काढली.

ट्विलाच्या बापाला खिडकीजवळ बसवलं, मशीन लावलं. तो म्हणाला, "इथून आमचं जुनं घर दिसतं. पडदा लाव." मग म्हणाला, "नको, राहू दे."

लीलंडनं सगळीकडे फिरून बघितलं आणि म्हणाला, "रंग पांढरा का? चिखल दिसेल." मी आणि ओरिन गाडीत बसेपर्यंत कसंबसं हसू दाबून होतो.

किती महिन्यांत येतात ही घरं एरवी, मी ओरिनला विचारलं. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. "इतक्या लवकर मी कधी बघितली नाहीत," तो म्हणाला. "आणि आत माणसं राहायला गेलेली तर कधीच बघितली नाहीत. तोवर मी निघालेला असायचो." तो परतीच्या वाटेवर प्रत्येक घरापाशी गाडी हळू करायला लावत होता.

बुधवार, ३ जून

सकाळी पावणेसातलाच संचालक बाईंचा स्वतः फोन. इतर काउंट्यांनी आमच्यासारख्या याद्या कराव्यात म्हणून ओरिननं आणि मी राजधानीत येऊन शिकवायचं आहे. आणि दुसरं म्हणजे, ऑगस्टमध्ये आणखी आठ घरं येतील. बहुतेक.

आठ. चौदावा त्यात सहज येतो. मी फोन ठेवला आणि गाडीची किल्ली घेऊन दारापर्यंत पोचलोसुद्धा. पुरात बुडालेले दिवस भरून काढायला शाळा अजून चालू आहे, म्हणजे हॉइट आता फेरीवर निघणार, शाळेच्या फाटकाशी गाठता आलं असतं. काय म्हणायचं ते तोंडात तयार होतं.

मग बाईंचा तो शेवटचा शब्द आठवला: बहुतेक.

मी घराच्या फाटकाशी नुसता उभा राहिलो. सात दहाला हॉइट यांची बस वळणावरून आली. इथे गाडी चालवताना समोर कोणीही दिसलं की माणूस चाकावरून दोन बोटं उचलतो, अनोळखी असला तरी. सात आठवडे हॉइटनी माझ्यासाठी ती उचलली नव्हती. आज उचलली. चेहरा होता तसाच, रस्त्याकडे.

मी हात वर केला. बस गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.